बावीस चिंचोके

“चावी! आधी चावी दे! मंग तोंड उघड!”

काकाजी फाटकाच्या आतून ओरडत होते आणि मी फाटकाच्या बाहेर, मे महिन्यातल्या नागपुरात, भर दुपारी बारा वाजता डांबरावर उभा होतो. डांबर इतकं वितळलं होतं की माझी एक चप्पल त्यात रुतली ती रुतलीच. त्यानंतर त्या रस्त्यावर दोनदा नवा थर पडला, चप्पल अजून खालीच आहे. काकाजींचा आवाज डांबरापेक्षा तापलेला. तो आवाज निघाला की मनीषनगरात अडकलेल्या गाड्या हॉर्न वाजवायच्या थांबायच्या आणि तिकडे कोराडीच्या चिमणीचा धूर वर जावं की नाही याचा दोन मिनिटं विचार करायचा.

“चावी देतो, काकाजी, पन मले मधात तं येऊ द्या. वेल्डिंग अर्धी राहिली.”

“मधात? कोन्या हक्कानं? तुहा करार काल संपला. आज तू रस्त्यावरचा मानूस हायेस. रस्त्यावरच्या मानसानं रस्त्यावर उभं राहाव.”

मी सळ्यांमधून चावी दिली. त्यांनी ती खिशात टाकली, पाठ फिरवली आणि घरात निघून गेले. माझे दोन कारागीर माझ्याकडे बघत होते, मी फाटकाकडे. दहा मिनिटांनी काकाजी परत आले. आता अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि चेहरा असा की या जन्मात मला कधी पाहिलेलं नाही.

“कोन पायजे?”

“काकाजी, मीच आहो नं…”

“कोन पायजे?”

“गाळा पायजे होता. भाड्यानं.”

“काय काम करता आपन?”

“कूलर बनवतो.”

“अस्सं! कूलर!” काकाजींनी फाटक उघडलं. “या नं मंग, बसा. पानी आनू का?”

दर अकरा महिन्यांनी हा सोहळा व्हायचा. अकरा महिन्यांचा करार दरवर्षी एक महिना मागे सरकतो, म्हणून त्याला हळूहळू वेगवेगळे ऋतू मिळत गेले. बाकी घरमालक जुन्याच कागदावर तारीख बदलून घेतात. काकाजींचं म्हणणं होतं की करार ही काही दाढी नाही, आपोआप वाढत राहायला. संपला म्हणजे संपला. पुन्हा एकाने विचारायचं, दुसऱ्याने शुद्धीत राहून, तोंडाने ‘हो’ म्हणायचं. मान हलवलेली त्यांना चालत नसे. “मान तं बैलबी हालवते,” म्हणायचे.

काकाजींचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांची लेखी परवानगी नाही, आणि तोंडी परवानगीबद्दल त्यांचं मत तुम्हाला पुढे कळेलच.

कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं ते टेंडरच्या टेबलावर होते. कोळसा, नटबोल्ट, कॅन्टीनची दाळ, सगळं आधी कागद होऊन त्यांच्यासमोरून जायचं आणि मगच वस्तू व्हायचं. सकाळी बसने जायचे, संध्याकाळी कॉलरवर राख घेऊन यायचे. असं सांगतात की त्यांनी भिंग लावून एखादं टेंडर वाचायला घेतलं की ठेकेदार बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या म्हातारे व्हायचे. एकाच्या मुलाचं लग्न झालं, नातू झाला, तरी काकाजी कलम सातवर. रिटायर झाल्यावर मनीषनगरच्या जुन्या प्लॉटवर ते एकटेच राहू लागले. काकू माझी ओळख व्हायच्या आधीच गेलेल्या. पुढे बसकं घर, मागे पत्र्याचा गाळा, मधे पेरूचं झाड, आणि चारी बाजूंनी उंच उंच नव्या इमारती. वरून पाहिलं तर तो प्लॉट दात पडलेल्या जागेसारखा दिसत असेल.

माणूस असा का झाला याच्या पाचशे कथा मोहल्ल्यात होत्या. त्यातल्या चारशे मीच सोडलेल्या, म्हणून बाकीच्या शंभरांवरही माझा विश्वास नाही.

पहिल्या वर्षी त्यांनी कराराचे कागद मला घरी न्यायला दिले होते. दोन दिवसांनी विचारलं, “वाचलं का?”

“वाचलं नं, काकाजी.”

मी पहिलं पान पाहिलं होतं. तेही माझ्या नावातला काना बरोबर आहे का तेवढ्यापुरतं. सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला, नोंदणी झाली. आणि पहिल्याच रविवारी संध्याकाळी सहा वाजून एक मिनिटाने फोन.

“कुठं हायेस?”

“घरी. काहून?”

“कलम नऊ.”

मी कागद काढला. कलम नऊ असं होतं: परवानाधारक दर रविवारी सायंकाळी सहा वाजता मालकाच्या ओसरीवर येऊन त्या दिवसाचे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचून दाखवील.

“हे काय मजाक आहे का, काकाजी?”

“मजाक असती तं खाली सही तुही काहून हाये? सही केली म्हंजे वाचलं. कायदा असंच धरते. नाही वाचलं, हा तुहा घरगुती मामला.”

मी गेलो. अकरा महिने गेलो. सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत चांगला मुरलेला असायचा. भाव, अपघात, पाऊस येणार, पाऊस येणार नाही, निधनवार्ता, हरवले आहेत, सगळं मोठ्याने वाचायचो. शेजारच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत लोक खुर्च्या टाकून बसू लागले, आणि एकदा मी क्रिकेटचं पान गाळलं तर तिसऱ्या मजल्यावरून एका बाईंनी तक्रार केली. मला वाटायचं, न वाचता सही केल्याची ही शिक्षा आहे. तेव्हा तरी तेवढंच वाटायचं.

दुसऱ्या करारापासून कागद घरी न्यायची सवलत बंद झाली. करार ओसरीवर बसून, समोरासमोर, मोठ्याने वाचायचा. काकाजी दोन स्टीलच्या वाट्या मांडायचे. आधी विचारायचे, “कलमं किती?” मी सांगायचो, “अठरा.” मग ते डाव्या वाटीत अठरा चिंचोके मोजून टाकायचे. एक कलम वाचून झालं की एक चिंचोका उचलून उजव्या वाटीत. टक्. पुढचं कलम. टक्. विचारलं तर म्हणायचे, “झोप येते मले. हाताले काम पायजे.” दोन-तीन वर्षांत त्या टकटकीची मला इतकी सवय झाली की ती ऐकू येईनाशी झाली.

जेवणानंतर मात्र कुठल्याही कागदाला ते हात लावत नसत. “कराराले मानूस शुद्धीवर पायजे. आन जेवलेला नागपूरकर चार वाजेपर्यंत शुद्धीवर नसते.”

आणि फुकट काही घेत नसत, देत नसत. माझ्या बायकोने एकदा त्यांच्यासाठी पुडाच्या वड्या पाठवल्या. डबा परत आला तो आत चार पेरू घेऊन. पुढच्या वेळी भाजणीच्या थालीपीठाला तीन पेरू. थालीपीठ एका पेरूने स्वस्त धरलं म्हणून बायको आठ दिवस धुसफुसली.

“मी का खानावळ उघडून बसली का?” ती म्हणाली. “मायेनं पाठवते मी.”

मी तो निरोप पोचवला. काकाजी म्हणाले, “तिले सांग, मायेवर माहा काही आक्षेप नाही. पन एकानं देत राहाव आन दुसऱ्यानं घेत राहाव, याले करार नाही म्हनत. दोन्ही हात भरले पायजे. मंग कोनी कोनाच्या उपकारात नाही.”

हे सगळं तुम्हाला वेड वाटत असेल, तर मलाही वाटायचं. मग एका मार्चमध्ये एका मोठ्या वसतिगृहाच्या मालकाचा फोन आला. चाळीस कूलर लागतील म्हणाला. भाव विचारला, मी सांगितला. “होऊन जाईन,” म्हणाला. मी त्या दोन शब्दांवर चाळीस कूलर बनवले.

आता नागपुरात ‘होऊन जाईन’वर काय चालत नाही? लग्नं होतात, घरं बांधली जातात, माणसं निवडून येतात. म्हणून मी पत्रा कापला, पंखे आणले, खस भरली. चाळीस कूलर गल्लीत उभे केले, पाणी भरून एकदम चालू करून पाहिले, तर एप्रिलमध्ये त्या गल्लीत लोक मफलर गुंडाळून फिरू लागले. एका म्हाताऱ्याने तर शेकोटी पेटवली. तेव्हा वसतिगृहवाला फोनवर म्हणाला, “कोनते कूलर? मी तं फक्त भाव विचारला होता, भाऊ.”

मी काकाजींकडे जाऊन रडलो. खरोखर रडलो, यात अतिशयोक्ती नाही.

काकाजींनी तीन प्रश्न विचारले. “होऊन जाईन म्हंजे कोन करीन? कधी करीन? आन नाही केलं, तं काय?”

मी खिशातून वसतिगृहवाल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी काढून वाचून दाखवली.

“तोंडी करारबी करारच राहते,” ते म्हणाले. “पन तुह्या जवळ तं तोंडीबी नाही. त्यानं भाव विचारला, तू सांगितला. त्यानं ‘घेतो’ कधी म्हटलं? हे चाळीस कूलर तू स्वतःच्या खुशीसाठी बनवले.”

मग त्यांनी मला एक पानाचा कागद सांगितला आणि मी लिहून घेतला. काय, किती, केव्हापर्यंत, कोणी न्यायचं, उशीर झाला तर काय, बिघडलं तर काय, वाद झाला तर काय, आणि खाली दोन सह्या. खास करून ‘केव्हापर्यंत’वर त्यांचा जोर. “तुहा धंदा कूलरचा हाये. जुलैत आलेला कूलर म्हंजे लोखंडी कपाट. तारीख हाच तुह्या कराराचा जीव.” ते चाळीस कूलर मी पुढे दोन-दोन, तीन-तीन करत विकले. पण त्यानंतर त्या एका पानाशिवाय मी खिळाही ठोकला नाही. आज माझा धंदा उभा आहे तो पत्र्यावर नाही, त्या पानावर आहे. हे मी दहा लोकांसमोर सांगतो. पुढचं मात्र फारसं सांगत नाही.

पाचव्या वर्षी, पावसाळा सरता सरता, एका रविवारी मी ओसरीवर पेपर वाचत होतो. बाहेर ढगांनी अंधारून आलेलं, म्हणून दिवा लावलेला. निधनवार्तांच्या मधोमध लाइट गेली. मी थांबलो.

“काहून थांबला?” काकाजी म्हणाले. “वाच नं.”

“लाइट गेली, काकाजी.”

अंधारात खाट करकरली.

“हौ. गेली नं,” ते म्हणाले. “मले वाटलं, तू थकला.”

त्या रात्री घरी जाताना मला एकेक गोष्ट आठवू लागली. फाटकाशी आलं की ते हळूच ओठ हलवायचे. मला वाटायचं देवाचं नाव घेतात. ते पावलं मोजायचे. फाटकापासून खाटेपर्यंत एकतीस. खाटेपासून पेरूपर्यंत एकोणीस. पेरूपासून माझ्या गाळ्यापर्यंत चोवीस. काचबिंदू होता, डॉक्टरकडे जायला उशीर झालेला, हे मला खूप नंतर कळलं. जगाला ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ सांगणाऱ्या माणसाला वाचता येत नव्हतं, आणि त्याने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त कराराला. कलम नऊ ही शिक्षा नव्हती.

मी ओळखलंय हे त्यांनी ओळखलं. दोघंही गप्प राहिलो. गुपित असं फुकट मिळालं की हात जड होतो, एवढं मात्र तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर बिल्डरचा माणूस आला. गॉगल डोळ्यांवर नाही, कपाळावर. बहुतेक कपाळालाच ऊन लागत असावं. प्लॉटवर चार मजली इमारत बांधायची. बदल्यात काकाजींना एक फ्लॅट, तोही तळमजल्यावर, आणि वर काही रक्कम. काकाजी नाही म्हणाले नाहीत. घर गळत होतं, आणि एकट्याने किती वर्षं काढणार? तळमजला असेल तर एकतीसच्या जागी नवा आकडा पाठ करायचा, एवढंच. “कागद आना. वाचून घेऊ,” म्हणाले.

कागद यायच्या आदल्या दिवशी तो माणूस माझ्या गाळ्यात आला. कूलरवर हात फिरवला.

“काकाजी सह्या कोनाच्या वाचन्यावर करते, माहीत हाये आमाले,” तो म्हणाला. “पंधरावं कलम जरा रुक्ष हाये. त्याच्यात अटकू नका, भाऊ. नव्या बिल्डिंगमंदी समोरचा गाळा तुमचा. मालकीचा.”

“नक्की?”

“अरे, होऊन जाईन!”

तुम्ही हसाल. मी हसलो नाही. चार वर्षं दर अकरा महिन्यांनी मी रस्त्यावर उभा राहिलो होतो. मालकीचा गाळा म्हणजे पुन्हा कधी चावी द्यायची नाही. रात्री बायकोला सांगितलं, “गाळा भेटून राहिला वं आपल्याले. सोताचा.”

“कोन देऊन राहिलं?”

“बिल्डर.”

“कायच्या बदल्यात?”

“कायच्या नाही. असाच.”

ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. “काकाजी तं पेरूबी असाच नाही देत,” ती म्हणाली, “आन थो बिल्डर तुमाले गाळा असाच देऊन राहिला?”

मी जेवलो नाही असं लिहिलं तर छान वाटेल. चार भाकरी जेवलो.

दुसऱ्या दिवशी तो माणूस दीड वाजता आला. काकाजींनी त्याला चार वाजेपर्यंत पेरूखाली बसवून ठेवलं, जेवण उतरेपर्यंत. मग ओसरीवर वाट्या मांडल्या.

“कलमं किती?”

“बावीस,” गॉगलवाला म्हणाला.

काकाजींनी बावीस चिंचोके मोजले. मी वाचायला लागलो. टक्. टक्. पहिल्या कलमात प्लॉट, दुसऱ्यात मोजणी, सहाव्यात तळमजल्याचा फ्लॅट, स्पष्ट लिहिलेला. चौदावं संपलं. टक्. माझी नजर पंधराव्यावर पडली.

त्यात असं होतं: कलम सहामध्ये काहीही नमूद असले तरी, मालकास फ्लॅट कोणत्या मजल्यावर व केव्हा द्यायचा हे विकासक आपल्या सोयीने ठरवील व त्यास मालकाची आजच संमती आहे असे समजण्यात येईल.

गॉगलवाला खोकला.

मी खोटं काही वाचलं नाही. आजही छातीवर हात ठेवून सांगतो, एक शब्द खोटा वाचला नाही. मी फक्त एक श्वास घेतला, आणि श्वास सोडला तेव्हा सोळाव्या कलमावर होतो. टक्. सतरावं. टक्. आवाज नेहमीपेक्षा चांगला लागला होता. बाविसावं संपलं, मी कागद खाली ठेवला, गॉगलवाल्याने पेन काढलं.

काकाजींनी डाव्या वाटीत बोट फिरवलं. वाटीत एक चिंचोका होता.

ते त्याला बोटाने वाटीभर फिरवत राहिले. किर्र किर्र असा आवाज. पेरूवरचा पोपटसुद्धा खायचा थांबला, आणि नागपूरचा पोपट कोणासाठी थांबत नाही. माझ्या मानेवरून घाम निघाला तो थेट चपलेत गेला.

“गळा बसला असन तुहा,” काकाजी म्हणाले. “पानी पे. आन पहिल्यापासून वाच.”

त्यांनी उजव्या वाटीतले एकवीस चिंचोके पुन्हा डाव्या वाटीत ओतले.

“काकाजी, कायले टाइम खोटी करता,” गॉगलवाला म्हणाला, “वाचलं नं एकदा.”

“थ्यानं वाचलं,” काकाजी म्हणाले. “माहं ऐकून व्हायचं हाये.”

मी पाणी प्यायलो. गाळा मला समोर दिसत होता, शटरसकट, शटरवर माझ्या नावाची पाटी. आणि शेजारी चौथ्या मजल्याचा जिना दिसत होता. त्या जिन्याच्या पायऱ्या काकाजींनी कधी मोजलेल्या नव्हत्या, आणि वर पोचल्यावर पेरूपर्यंतच्या एकोणीस पावलांचं काय करायचं हेही कुठल्या कलमात नव्हतं. मी पहिल्यापासून वाचलं. चौदावं. टक्. मग पंधरावं वाचलं, मोठ्याने, शेजारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनाही ऐकू जाईल असं. ‘आजच संमती आहे असे समजण्यात येईल.’

टक्.

बावीस झाले तेव्हा डावी वाटी रिकामी होती. काकाजींनी ती उचलून पालथी घातली.

“पंधरावं काढून टाका,” ते गॉगलवाल्याला म्हणाले. “मजला लिहा. तारीख लिहा. तारीख चुकली तं काय, थेबी लिहा. मंग या. सही करून देतो.”

“हौ काकाजी. होऊन जाईन.”

तो गेला. ते अजून होऊनच राहिलं आहे.

मी उठायला लागलो.

“तुले काय देनार होता थो?” काकाजींनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना एवढ्या हळू बोलताना ऐकलं, आणि मला वाटलं की आता ओरडतील तर बरं होईल.

“गाळा. समोरच्या बाजूचा.”

“लिहून?”

“नाही. तोंडी.”

“तोंडी!” तेव्हा मात्र काकाजी ओरडले, आणि काय ओरडले! पार खापरखेड्याच्या वीज केंद्रात भोंगा झाला असं समजून लोक डबे घेऊन निघाले असतील. “चार वर्सं झाली तुले शिकवून राहिलो, आन तू तोंडी घेऊन आला? माहं घर इकलं, थेबी होऊन जाईनवर?”

मी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

जरा वेळाने ते खाली बसले. वाट्या एकात एक घातल्या. “लिहून घेतलं असतं तरी काही उपयोग नव्हता,” मघाच्याच हळू आवाजात म्हणाले. “कोनाले फसवासाठी केलेला करार कायद्यात करारच नसते. उद्या त्यानं गाळा नसता देला, तं तू कोन्या कोर्टात गेला असता? काय सांगितलं असतं, मी एका आंधळ्याले गंडवलं, माही मजुरी द्या?”

‘आंधळा’ हा शब्द त्यांनी स्वतःहून पहिल्यांदा वापरला. तोही माझ्यासमोर, आणि त्या दिवशी.

नंतरचे रविवार मी गेलो. करार चालू होता. पेपर वाचला. काकाजींनी ऐकला. पण मधे वाद घालणं बंद, निधनवार्तेतल्या माणसाच्या भानगडी सांगणं बंद. बायकोने वड्या पाठवल्या, डब्यात पेरू आले, बरोबर चार. हिशेब चुकला असता तर मला आशा वाटली असती.

करार जानेवारीत संपत होता. जानेवारीत कूलरवाल्याचा उन्हाळा सुरू होतो. तेव्हा जागा गेली तर वर्ष गेलं. तारीख संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्याला कुलूप लावलं, कारागिरांना बाहेर काढलं आणि फाटकाबाहेर उभा राहिलो. थंडी अशी की त्या पहिल्या मेमधल्या चपलेची आठवण आली. काकाजी आले, ओठ हलवत. मी न ओरडताच चावी दिली. त्यांनीही न ओरडताच घेतली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. एक कारागीर म्हणाला, “भाऊ, टेम्पो सांगून ठेवू का?” मी मनात मोजत होतो. एकतीस पावलं जायला, एकतीस यायला. ती इतक्या वेळात तीसदा होऊन गेली असती.

मग दार वाजलं. इस्त्रीचा शर्ट. खिशाला पेन.

“कोन पायजे?”

मी मान हलवली.

“कोन पायजे? बोला नं. मान हालवू नका, मले दिसत नाही.”

“गाळा,” मी म्हणालो. “गाळा पायजे होता. भाड्यानं.”

“काय काम करता आपन?”

“कूलर बनवतो.”

फाटक उघडलं. ओसरीवर वाट्या मांडलेल्या होत्या. चौकातल्या टायपिंगवाल्याकडून करार करून आणलेला. “कलमं किती?” “अठरा.” त्यांनी अठरा चिंचोके मोजले, मी वाचू लागलो. भाडं तेच. मुदत तीच. आठवं संपलं. टक्. नववं जागेवर असेल असं मला वाटलं नव्हतं, पण होतं: दर रविवारी, सायंकाळी सहा वाजता, मालकाच्या ओसरीवर, मोठ्याने. वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. काकाजी चिंचोका बोटात धरून थांबले. शेवटी, टक्.

अठरा झाले. त्यांनी रिकाम्या वाटीत बोट फिरवलं, मग पेन माझ्यापुढे केलं. मी सही केली. आणि विचारू नये ते विचारलं.

“काकाजी, माह्या वाचन्यावर भरोसा हाये का तुमचा, अजून?”

“नाही,” काकाजी म्हणाले. “म्हनून तं चिंचोके हायेत.”